पाठमोरी परीक्षा

असत्य बोलू नये, हे मुलांना शिकविणे सोपे असते. वाक्य लहान आहे, अर्थ उघड आहे, आणि न चुकता म्हणून दाखविले तर शाबासकीही मिळते. परंतु आयुष्यात एखादा प्रसंग असा येतो, की तेथे असत्य बोलण्याची गरजच पडत नाही. नुसते गप्प राहिले तरी ते आपोआप उभे राहते, आणि सर्वांना ते हवेही असते. ज्याचे त्यामुळे नुकसान व्हायचे, तोच हात जोडून सांगत असतो, की काही बोलू नका. अशा मौनाला दया म्हणावे की भय, हे मला कोणत्याही ग्रंथाने सांगितले नव्हते. ते मला मिरजेत, पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याच्या एका दुकानात, एका शनिवारी दुपारी ठरवावे लागले.

"गुरुजी, तुम्ही या खुर्चीवर बसा. आणि एक विनंती, कोणाचीही बाजू घेऊ नका. माझी तर मुळीच नको," शांतवनराव चोपडे म्हणाले.

शांतवनराव आमच्या शाळेत संगीत शिकवीत. मी संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. त्यांच्या नोकरीची काही वर्षे अजून उरली होती. त्यांच्या चर्चमधला क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा मेळा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आणि तिथली सारी वाद्येही तेच जुळवून देत. त्यांच्या कानाचा गावात दरारा होता. सकाळच्या प्रार्थनेला सगळी शाळा ओरडत असताना ते व्यासपीठावरून बोट दाखवीत, "तिसऱ्या रांगेतला, बटण तुटलेला. तू नुसते ओठ हलव, राजा." आणि ते मूल खरोखरच बेसूर असे. मिरज हे वाद्ये घडविणाऱ्यांचे गाव. येथे कानाची कीर्ती सहजासहजी मिळत नाही. ती त्यांना मिळाली होती.

समोरच्या टेबलावर एक गिटार आडवी ठेवलेली होती. विजेवर वाजणारी, गर्द तांबडी, कडांना रंग उडालेली. कोल्हापूरच्या एका वादकाने वाद्यवृंद सोडताना ती शांतवनरावांच्या मुलीला, एस्तेरला, विकली होती. वाद्य चांगले होते, पण मुके झाले होते.

"मुके म्हणजे काय?" मी विचारले.

उत्तर हनीफ मुजावरने दिले. दुकान त्याचे. मोटारींना तांब्याची तार गुंडाळणे हा त्याचा व्यवसाय, आणि तो शांतवनरावांचा व माझा, दोघांचाही जुना विद्यार्थी.

"सांगतो गुरुजी. सतारीला भोपळा असतोय, त्यात आवाज घुमतोय. हिला तसं पोट नाही. तार हलली तरी नुसती हलली. मग तारेखाली हे लागतंय." त्याने अंगठ्याएवढी रुंद, लांबट, मोडकी पट्टी उचलून दाखविली. "पिकअप म्हणतात ह्याला. आत लोहचुंबक, त्याला केसापेक्षा बारीक तार गुंडाळलेली. वर तार हलली की ह्याच्यात वीज जागी होती, ती त्या आवाज मोठा करायच्या पेटीत जाती, आणि मग पेटी बोलती. हा जुना आतनं तुटलाय. म्हणून मी नवीन दोन गुंडाळले."

"दोन कशाला?"

"भांडण तिथंच तर हाय," हनीफ हसला, आणि शांतवनरावांकडे दृष्टी जाताच त्याने हसू आवरले.

गिटारीची खाच रुंद होती. तीत त्याने दोन्ही नवे पिकअप तात्पुरते शेजारी शेजारी बसविले होते, एक पांढऱ्या झाकणाचा आणि एक काळ्या झाकणाचा. कडेला एक खटका होता. इकडे केला की पांढरा बोले, तिकडे केला की काळा. पांढऱ्याला तारेचे वेढे कमी होते, म्हणून त्याचा आवाज उजळ आणि टोकदार. काळ्याला वेढे जास्त, म्हणून त्याचा आवाज भरीव आणि गोल. दोन्हींचा जोर मात्र हनीफने सारखा करून ठेवला होता. यांतला एक ठेवायचा आणि दुसरा काढायचा, एवढाच प्रश्न होता.

"वाजव," शांतवनराव मुलीला म्हणाले. "गुरुजींना ऐकू दे."

एस्तेर तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. सडपातळ, अबोल, आणि बोलली तर थेट बोलणारी. तिने पांढऱ्यावर एक लहानशी सुरावट छेडली. काचेवर नख ओढावे तसे काहीतरी माझ्या दातांत शिरले. हनीफने डोळे बारीक केले. मग तिने तीच सुरावट काळ्यावर छेडली, आणि दुकानातली हवा निवल्यासारखी वाटली.

"पाहिलंत?" शांतवनराव माझ्याकडे तोंड करून म्हणाले. "पांढऱ्यात एकेक स्वर कसा सुटा, स्वच्छ येतो. आणि काळं म्हणजे कांबळ्यात तोंड घालून गायल्यासारखं. तरी ही म्हणते, मला काळंच हवं."

"पप्पा, पांढरं टोचतं," एस्तेर म्हणाली. "मला तिथे एकटीला वाजवायचं नाही. गाणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसेल ते."

"टोचत नाही. तुझा कान कच्चा आहे."

"आणि हनीफदादाचा?"

"त्याचा कान पंपाचा आहे."

"बरोबर, सर," हनीफ म्हणाला. "त्यात मला का ओढता? मी गुंडाळून दिलंय, तुम्ही निवडा."

पुण्याच्या एका वाद्यवृंदाने एस्तेरला बोलाविले होते. सोमवारी पहिली तालीम होती. आदल्या वर्षीही बोलावणे आले होते. तेव्हा शांतवनराव "अजून नाही" म्हणाले, आणि तिची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. यंदा गेली नाही, तर तिसरे बोलावणे येणार नव्हते. बापलेकीला ते ठाऊक होते, आणि त्या दुपारी हनीफने हळू आवाजात मलाही सांगून ठेवले होते.

"जिला स्वतःच्या वाद्याचा आवाज कळत नाही, ती तिथे जाऊन माझं नाव काय काढणार?" शांतवनराव म्हणाले. "म्हणून गुरुजींना बोलावलंय. आज परीक्षा होऊन जाऊ दे."

"माझी?"

"तुझी नाही, माझी. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. गुरुजी बोटाने दाखवतील, त्याच्यावर तू वाजव. मी सांगेन, पांढरं की काळं. गुरुजी पुरे म्हणेपर्यंत चालू दे. एकदा जरी चुकलो, तर तू सोमवारी पुण्याला जा, हवं ते पिकअप घालून जा, मी एक शब्द बोलणार नाही. आणि नाही चुकलो, तर वर्षभर इथे राहायचं. माझ्यापाशी बसून ऐकायला शिकायचं."

मला वाटले, ती आनंदाने हो म्हणेल. तिला जिंकण्यासाठी बापाची एक चूक पुरेशी होती. परंतु तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"नको पप्पा. मी पांढरं घालते. तुम्ही म्हणता तेच घालते, मग तर झालं?"

"आता का? आठवडाभर तर भांडत होतीस."

"कंटाळा आला भांडून."

"कंटाळा बिंटाळा काही नाही. परीक्षा होणार." ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, चूक झाली तर तोंडाने सांगू नका. तुमच्या पाठशाळेतली ती चुटकी वाजवा. चुटकी वाजली नाही, तर मी बरोबर."

मी लहानपणी ज्या पाठशाळेत शिकलो, तेथे विद्यार्थी पाठ म्हणताना चुकला तर आमचे गुरुजी 'चूक' हा शब्द उच्चारीत नसत. मंत्र सांगणाऱ्या तोंडाने तो शब्द घेऊ नये, अशी त्यांची समजूत होती. ते बोटांनी चुटकी वाजवीत. विद्यार्थी समजे, एक पद मागे जाई आणि पुन्हा म्हणे. पुढे शाळेत शिकविताना मीही तीच रीत ठेवली.

"त्या चुटकीवरच मी संस्कृतात नापास झालो," हनीफ म्हणाला. "माझ्या पाठाला इतक्या वाजल्या, की गुरुजींची बोटं सुजली असतील."

कोणी हसले नाही. शांतवनरावांनी खुर्ची उचलून भिंतीकडे फिरविली आणि आमच्याकडे पाठ करून ते बसले. हनीफने पंखा बंद केला. पेटीची बारीक घरघर तेवढी राहिली.

मी पांढऱ्याकडे बोट केले. एस्तेरने खटका उगाच चारदोन वेळा इकडेतिकडे केला, म्हणजे नुसत्या खटक्यावरून काही ताडता येऊ नये. मग तो पांढऱ्यावर ठेवून तिने सुरावट छेडली.

"पांढरं," शांतवनराव तत्काळ म्हणाले.

मी काळ्याकडे बोट केले.

"काळं."

पुन्हा काळ्याकडे केले. या वेळी उत्तराला थोडा वेळ लागला. "परत वाजव," ते म्हणाले. तिने परत वाजविले. "काळं."

मग पांढरे. त्यांचा हात मांडीवर हळूहळू ठेका धरीत होता, तो थांबला. मान किंचित कलली. पाठमोऱ्या माणसाचे मन मानेत दिसते, हे मी त्या दिवशी पाहिले.

"पांढरं," ते म्हणाले. बरोबर होते. पण तो स्वर मघाचा नव्हता. उंच जागेवर चालणारा माणूस पाऊल टाकण्यापूर्वी पायाने चाचपतो, तसा तो होता.

मी एस्तेरकडे पाहिले आणि माझे लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेले. मिरजेत राहणाऱ्या माणसाला एवढे तरी कळते, की तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ तार छेडली तर आवाज तीक्ष्ण येतो आणि घोडीपासून लांब छेडली तर मऊ येतो. पांढऱ्याच्या वेळी तिचा हात घोडीला चिकटत होता, काळ्याच्या वेळी दूर सरकत होता. ती दोन आवाजांतले अंतर वाढवीत होती. बापाला ओळखणे सोपे जावे म्हणून.

मला काही उमगेना. ज्या परीक्षेत बाप जिंकला तर हिचे वर्ष जाणार, बहुधा पुणेही कायमचे जाणार, त्या परीक्षेत ही बापालाच हात देत होती. मी आणखी एकदा काळ्याकडे बोट करून खात्री करून घेतली. हात पुन्हा सरकला. "काळं," शांतवनराव म्हणाले.

"एस्तेर," मी म्हणालो, "हात एका जागी ठेव."

तिने झटकन माझ्याकडे पाहिले. चोरी पकडली गेल्यावर माणूस पाहतो तसे ते पाहणे नव्हते. खूप दूरवरून ओझे आणणाऱ्याला दाराशीच अडवावे, आणि त्याने अडविणाऱ्याकडे पाहावे, तसे ते होते.

"थांबलात का?" शांतवनराव भिंतीकडे पाहतच म्हणाले. "वाजव की."

मी काय बोललो, हे त्यांनी विचारले नाही. ते एकाग्र झाले असावेत, असे मला वाटले.

मी पांढऱ्याकडे बोट केले. एस्तेरने खटका फिरविला. हात तारांच्या मध्यावर आणला. तो तिथेच ठेवावा की सरकवावा, याचा झगडा मला तिच्या मनगटात दिसत होता. मी दृष्टी हलविली नाही. तिने वाजविले.

शांतवनराव खुर्चीत पुढे झुकले.

"परत."

तिने परत वाजविले. माझे दात पुन्हा शिवशिवले.

"परत."

तिने तिसऱ्यांदा वाजविले. शांतवनरावांनी मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला केली.

"काळं," ते म्हणाले.

मी चुटकी वाजविली.

माझी बोटे म्हातारी होती, पण वरती पत्र्याचे छप्पर होते. चुटकी स्पष्ट वाजली. हनीफने मान वर केली. एस्तेरने डोळे मिटून घेतले. शांतवनराव तसेच बसून राहिले. खांदे ताठ, मान किंचित पुढे, जसे काही अजून व्हायचेच आहे.

आम्ही तिघे त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. पाहता पाहता ते खांदे सैल झाले.

"हं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. "पुढचं वाजवा."

कोणीच हलले नाही.

"संपलं? पुरे झालं, गुरुजी? म्हणजे जिंकलो की मी." भिंतीकडे तोंड करून ते हसले. "एस्तेर, पुण्याला निरोप धाड. पुढच्या वर्षी येते म्हणावं."

"बरं, पप्पा," एस्तेर मोठ्याने म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली आणि तिने हात जोडले. मान दोनदा आडवी हलविली. हनीफ उगाचच तारेचे रीळ गुंडाळू लागला.

माझे काम झाले होते. ठरल्याप्रमाणे मी चुटकी वाजविली होती. ती पोहोचली नाही, यात माझ्याकडून काही उणे राहिले नव्हते. उठावे, उपरणे खांद्यावर टाकावे आणि घरी जावे, एवढेच उरले होते. बाप सुखात होता. मुलगी विनवीत होती. मी उठलो.

एस्तेरने माझ्या उपरण्याचे टोक धरले.

"नका सांगू, गुरुजी," ती कुजबुजली. बाप हातभर अंतरावर होता, आणि तिला त्याची भीती वाटत नव्हती. "मला नाही जायचं पुण्याला. खरंच नाही जायचं. त्यांच्याकडे दुसरं काय आहे सांगा?"

मी तिचा हात हळूच सोडविला. खुर्चीला वळसा घालून शांतवनरावांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिले. हसू अजून चेहऱ्यावर होते.

"शांतवनराव," मी म्हणालो, "मी चुटकी वाजविली होती."

"केव्हा?"

"आत्ता. तुम्ही काळं म्हणालात तेव्हा. ते पांढरं होतं."

ते हसू तिथेच राहिले, पण त्याचा आधार निघून गेला. त्यांनी मान वळवून हनीफकडे पाहिले.

"हनीफ?"

हनीफने रीळ खाली ठेवले. "वाजली, सर."

"जोरात?"

"जोरात म्हणजे... वाजली."

शांतवनराव काही क्षण माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, मागे जा. जिथे होता तिथे. आणि पुन्हा वाजवा."

मी मागे गेलो. त्यांनी तोंड भिंतीकडे केले. मी चुटकी वाजविली, असेल नसेल तो जोर लावून.

"वाजवा की," ते म्हणाले.

मी पुन्हा वाजविली.

"गुरुजी? वाजवा ना."

त्यानंतर माझ्याने वाजववली नाही. मी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली तो खांदा हळूहळू खाली गेला, आणि त्यांना कळले, की असे बारीक, टोकदार आवाज आता त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाहीत.

मग त्यांनी खुर्ची आमच्याकडे फिरविली. एस्तेर गिटार कुशीत धरून उभी होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते; ते पुसण्याचेही तिला भान नव्हते.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी विचारले.

"ईस्टरपासून. क्वायरमधल्या बायकांनी वरचा स्वर चढा लावला होता. इतका चढा, की लहान मुलंसुद्धा वळून बघायला लागली. तुम्ही थांबवलं नाही."

"मग?"

"मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं." तिने खाली पाहिले. "चुकायचंच नाही, असं ठरवलं. आधी क्वायरमधल्याच जेनीमावशीच्या घरी तालीम करायची, सगळं बसवायचं, आणि मग तुमच्याकडे यायचं. म्हणजे तुम्हाला थांबवायची पाळीच येणार नाही."

"जेनीच्या घरी," शांतवनराव म्हणाले. "आणि मी इकडे तुझ्या आईला सांगत होतो, की बघ, इतक्या वर्षांनी का होईना, शेवटी शिकले." ते हसले. त्या हसण्याकडे मला पाहवले नाही. "आणि चर्चमधली वाद्यं? ती तर मी जुळवतो."

एस्तेरने गिटार आणखी घट्ट धरली.

"मी घरी गेल्यावर तू मागून येतेस?"

तिने मान हलविली. त्यांनी हात वर केला, पुरे, अशा अर्थाने. मग तो हात खाली घेता घेता ते माझ्याकडे वळले.

"गुरुजी, मी तुम्हाला पिकअप निवडायला बोलावलं नव्हतं."

"मग?"

"आठवडाभर पाहतोय. पांढरं वाजलं की हनीफ डोळे बारीक करतो. हिच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि मला मात्र गोड लागतं. सगळे चुकीचे आणि मी एकटा बरोबर, असं किती दिवस समजायचं? पण विचारणार कोणाला? हिला विचारलं, तर 'काही नाही पप्पा'. बायको नर्स आहे, तीसुद्धा म्हणते, मळ साचला असेल. सगळे माझ्यावर इतकी माया करतात, की खरं सांगायला घरात माणूसच उरला नाही." ते थांबले. "तुम्ही तेवढे राहिला होता. शाळेत संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाला तोंडावर नापास केलंत, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो."

गेले वर्षभर ते माझ्या घरी चहाला आले, की शेजारची जागा सोडून समोर येऊन बसत, ते मला आता आठवले.

"पण पैज का लावलीत, सर?" हनीफने विचारले. "पोरीचं पुणं कशाला पणाला लावायचं?"

"ती मला सावरणार, हे ठाऊक होतं म्हणून. म्हटलं, स्वतःचं जाणं अडकलं, की निदान ही तरी मला हरवायला जोर लावेल. एवढी तरी स्वार्थी असेल माझी मुलगी."

"मी हात सरकवत होते, पप्पा," एस्तेर म्हणाली. "तुम्हाला ओळखता यावं म्हणून. गुरुजींनी थांबवलं."

शांतवनराव तिच्याकडे पाहत राहिले.

"का?"

"तुम्ही हरलेलं मला बघायचं नव्हतं."

"वेडे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच फाटला. "मी हरायलाच तर बसलो होतो."

ती त्यांच्यापाशी गेली. गिटार मध्ये आली, तेव्हा हनीफने पुढे होऊन ती तिच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. मी दाराबाहेर पाहत उभा राहिलो. रस्त्यावरून कोणीतरी सायकलच्या मागे पंप बांधून दुकानाकडे येत होते. हनीफने हातानेच त्याला, नंतर ये, अशी खूण केली.

थोड्या वेळाने शांतवनराव नाक शिंकरून, खुर्चीत नीट बसून म्हणाले, "हनीफ, काळं ठेव. पांढरं काढून टाक. मला जे गोड लागतं ते जगाला टोचतं, एवढं तरी आज पक्कं झालं."

"पांढरं मी टाकत नाही, सर. दुसरी गिटार मिळाली की तुमच्यासाठी त्यात घालतो. तुम्ही एकटे वाजवत बसा. आम्ही सगळे बाहेर जाऊन थांबतो."

"गाढवा," शांतवनराव म्हणाले, आणि या वेळी हसले ते खरोखर हसले. एस्तेरही डोळे पुशीत हसली.

तारा डाग देऊन जोडण्यासाठी हनीफने डागणी तापत ठेवली. एस्तेर बापाच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली होती.

"मी नाही जाणार, पप्पा."

"जाणार. मी शब्द दिलाय, आणि गुरुजींच्या देखत दिलाय. आता तो मोडायला लावू नकोस, त्यांच्यासमोर मला आणखी एकदा नापास व्हायचं नाही." मग त्यांनी तिची हनुवटी धरून तिचे तोंड आपल्याकडे केले, कारण तिचे उत्तर त्यांना पाहावे लागणार होते. "पण जाण्याआधी एक काम. उद्या रविवार. प्रार्थनेपूर्वी वाद्यं तू जुळवायची. मंडळी येऊन बसल्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मी गेल्यावर मागच्या दाराने नाही."

"लोक विचारतील."

"विचारू देत. मी पुढच्याच बाकावर असेन. मी सांगेन."

"काय सांगाल?"

"की आमच्या घरात कान आहे. फक्त जागा बदलली त्याने."

तिने मान हलविली. "आणि क्वायर?"

"ताल मी देईन. हात सगळ्यांना दिसतो. बाकीचं जेनीच्या घरी बसवा, तुम्हाला सवय आहेच."

दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या फाटकापर्यंत गेलो. आत जाण्याचे तसे मला काही कारण नव्हते. पण शांतवनरावांनी दारातून पाहिले आणि स्वतः येऊन मला आत नेले. शेवटच्या बाकावर बसून मी पाहिले. मंडळी जमली होती. एस्तेर एकेका वाद्यापाशी जात होती, कान लावीत होती, खुंटी पिळीत होती. शांतवनराव पुढच्या बाकावर हात जोडून बसले होते, आणि ती प्रत्येक वाद्य जुळवून झाले की त्यांच्याकडे पाही. ते मान हलवीत. कोणी काही विचारले नाही. जाणत्यांना आधीच ठाऊक होते, आणि बाकीच्यांना ते पाहूनच कळले. सोमवारी ती पुण्याला गेली.

पुढे शांतवनरावांनी कानात यंत्र बसविले. त्याचा आवाज त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही; त्यातून सगळे जग पांढऱ्या पिकअपसारखे टोचते, अशी त्यांची तक्रार असे. क्वायरला ताल मात्र त्यांनी अखेरच्या वर्षापर्यंत दिला. एस्तेर आता स्वतः पुष्कळांना शिकविते, असे ऐकतो. हनीफचे दुकान अजून चालू आहे.

शांतवनरावांना त्यांच्या प्रभूच्या घरी शांती लाभो. एस्तेरच्या हातांना बळ आणि तिच्या कानांना दीर्घ आयुष्य लाभो. हनीफच्या घरी अन्न आणि हसू कधी कमी पडू नये. मुलांच्या हातून हरावे म्हणून जे पाठ फिरवून बसतात, आणि जी मुले त्यांना हरू देत नाहीत, त्या सर्वांचे, जेथे असतील तेथे, कुशल असो.